चिक्कीच्या आधीचा स्टॉप : गहुंजे

मावळ म्हटलं की आपला फण्डा ठरलेला असतो. शुक्रवारी ऑफिसात कुणीतरी हळूच विचारतं, ‘‘काय मग, उद्या लोणावळा?’’ शनिवारी सकाळी दोन बाइक, एक गाडी. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर भिजायचं, टायगर पॉइंटला कांदाभजी आणि कणीस खायचं, घाटात धुक्याचे फोटो काढायचे. येताना आईसाठी पाव किलो चिक्की घ्यायची, म्हणजे ‘इतक्या पावसात कशाला तडमडायला गेला होतात’ हा प्रश्न जरा मवाळ होतो. मीही हेच करत आले. कॉलेजात असताना, पहिल्या नोकरीत असताना आणि नोकरी सोडून फ्रीलान्सिंगच्या भानगडीत पडल्यावरसुद्धा. फरक इतकाच की आता चिक्की अर्धा पावच परवडते.

या सगळ्या वर्षांत एक्स्प्रेस-वेला लागता-लागताच दिसणारं ते भलंमोठं क्रिकेट स्टेडियम मी फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. गहुंजे. तालुका मावळ. होय, पुण्याचं म्हणून टीव्हीवर जे स्टेडियम दिसतं ते पुण्यात नाहीच मुळी. ते मावळात आहे. पवना नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात.

आणि तिथे जायचं म्हटल्यावर ज्याला सोबत न्यायचं होतं, तो यायला तयार नव्हता.

दादाचा मोबाइल

माझा आतेभाऊ कामशेतचा. वय बत्तीस, हिंजवडीत टेस्टिंगमध्ये. ‘मी टेस्ट खेळलो नाही, टेस्टिंग करतो,’ हा त्याचा आवडता पीजे. घरातल्या सगळ्यांनी तो किमान पन्नास वेळा ऐकलाय आणि आम्ही अजूनही हसतो. कारण त्यामागचं आम्हाला माहीत आहे. दादा ऑफस्पिन टाकायचा. कामशेतहून पहाटेची लोकल पकडून, खांद्यावर किटबॅग घेऊन पुण्याला क्लबच्या नेट्सना जायचा. जिल्ह्याच्या वयोगटातल्या निवड चाचणीपर्यंत पोचला, दोनदा. दोन्ही वेळा यादी लागली आणि त्याचं नाव नव्हतं. तिसऱ्या वर्षी इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष आलं, मग कॅम्पस, मग कंपनीची बस. किटबॅग आत्याच्या माळ्यावर गेली.

महिन्यातून एक-दोनदा त्याला कामासाठी मुंबईला जावं लागतं. एकदा मी त्याच कॅबमध्ये होते. गहुंजे जवळ आलं तसं त्यानं मोबाइल काढला आणि उगाच मेल बघायला लागला. स्टेडियम मागे गेलं, मोबाइल खिशात गेला. मी काही बोलले नाही. पण लक्षात राहिलं.

म्हणून २०२४ च्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या सामन्याला जायचं ठरवलं तेव्हा त्याला फोन केला.

‘‘दादा, गहुंजेला येतोस?’’

‘‘एमपीएल? अगं, ते कोण बघतं?’’

हाच तर मुद्दा होता. कोण बघतं?

मधल्या भावाची गोष्ट

थोडा इतिहास, फार नाही. आपल्या राज्यात रणजी खेळणारे संघ तीन : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबई म्हणजे घरातला मोठा, कौतुकाचा मुलगा. २०२३-२४ च्या मोसमात त्यांनी ४२ व्यांदा रणजी करंडक जिंकला. विदर्भ हा उशिरा मोठा झालेला पण सगळ्यांना चकित करणारा धाकटा. २०१७-१८, २०१८-१९ आणि मग २०२४-२५, तीन विजेतेपदं. आणि मधला भाऊ म्हणजे महाराष्ट्र. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, मराठवाडा असा सगळा पसारा त्याच्या वाट्याला. त्यानं करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर नाहीच. २०१३-१४ ला हैदराबादेत अंतिम सामन्यापर्यंत गेले, कर्नाटककडून हरले.

मधल्या भावांचं जे होतं तेच या संघाचं झालं. गुण भरपूर, पण कौतुकाच्या वेळी लक्ष दुसरीकडे. सगळ्यात भारी उदाहरण भाऊसाहेब निंबाळकरांचं. डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्धचा रणजी सामना. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा त्या वेळचा ४५२ धावांचा विश्वविक्रम फक्त नऊ धावांवर. आणि काठियावाडच्या कप्तानानं पुढे खेळायला नकार दिला! सामना तिथेच संपला. निंबाळकरांना पुढे भारतासाठी एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. नऊ धावांची ही गोष्ट दादानंच मला लहानपणी सांगितली होती. त्या वेळी मला वाटलं होतं की तो क्रिकेटबद्दल बोलतोय.

देहूरोडला उतरायचं

शेवटी दादा आला. ‘‘तू एकटी रात्री कशी परतशील,’’ असं कारण देऊन. कारण कुठलंही चालणार होतं.

मी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली, तो कामशेतहून उलट्या दिशेनं आला. पुणे-लोणावळा लोकलची मजा ही की दीड तासात तुम्ही दोन वेगवेगळ्या हवामानांतून जाता. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. खडकी-दापोडीला ऊन, चिंचवडला ढग, तळेगावला भुरभुर आणि मळवलीच्या पुढे खिडकी बंद करा, प्लीज. गहुंजे या पट्ट्याच्या कोरड्या टोकाजवळ आहे. म्हणूनच तिथे जूनमध्ये क्रिकेट खेळायची हिंमत तरी होऊ शकते. लोणावळ्यात त्या महिन्यात फक्त वॉटरपोलो शक्य आहे.

देहूरोडला उतरून रिक्षा केली. मिनिटभरात गाव सुरू. एका बाजूला नव्या टॉवरच्या जाहिराती, दुसऱ्या बाजूला भाताच्या रोपांसाठी तयार केलेले वाफे. मावळचा इंद्रायणी तांदूळ तुम्ही कधीतरी खाल्लाच असेल, तो वाण वडगाव मावळच्याच कृषी संशोधन केंद्रातला. त्या वाफ्यांच्या पलीकडे अचानक फ्लडलाइट्सचे खांब उभे राहतात आणि क्षणभर कळत नाही की या दोन्ही गोष्टी एकाच फ्रेममध्ये कशा आल्या.

स्टेडियमची रचना ब्रिटिश आर्किटेक्ट मायकल हॉपकिन्स यांच्या संस्थेची, इंग्लंडमधलं साउदम्प्टनचं मैदानही त्यांनीच केलं. उद्घाटन २०१२ मध्ये झालं. क्षमता सुमारे ३७ हजार. स्टँड गोलाकार, मधे मोकळ्या जागा, त्यामुळे डोंगराकडून येणारा वारा थेट अंगावर येतो. पंखा-एसी काही लागत नाही, स्वेटर मात्र लागू शकतो.

खरं सांगायचं तर या मैदानाची आठवण देशाला फारशी गोड नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत इथली पहिलीच कसोटी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. भारत १०५ आणि १०७, ओकीफचे १२ बळी, ३३३ धावांनी पराभव, तीन दिवसांत खेळ खल्लास. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या सँटनरनं १३ बळी घेतले आणि मायदेशात सलग १८ मालिका जिंकण्याची भारताची घोडदौड इथेच थांबली. तीही तिसऱ्याच दिवशी. अर्थात, २०१७ च्याच जानेवारीत इंग्लंडविरुद्ध ३५१ चा पाठलाग करताना ४ बाद ६३ वरून विराट कोहली आणि आपला पुण्याचा केदार जाधव यांनी जे केलं तेही इथेच. केदारच्या ७६ चेंडूंत १२०. पण लोकांना हार जास्त आठवते. मधला भाऊ, सांगितलं ना.

लीगचा फण्डा

तर एमपीएल. २०२३ च्या जूनमध्ये ही लीग नव्या रूपात सुरू झाली. सहा संघ : पुणेरी बाप्पा, कोल्हापूर टस्कर्स, ईगल नाशिक टायटन्स, छत्रपती संभाजी किंग्ज, रत्नागिरी जेट्स, सोलापूर रॉयल्स. पुढे काही नावं बदलली, रायगड आणि सातारा आले. सुरुवातीच्या सहा संघांच्या हक्कांतून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला ५७ कोटी ८० लाख मिळाले, एकट्या पुण्याची बोली १४ कोटी ८० लाखांची. आयपीएलच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे सुट्टे पैसे. पण बार्शी, बीड, तुळजापूर, नाशिकच्या पोरांच्या हिशेबात?

अर्शिन कुलकर्णीचं बघा. सोलापूर जिल्ह्यातला पोरगा, पहिल्या मोसमात नाशिककडून खेळत होता. पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७, त्यात १३ षटकार. एवढ्यावर थांबला नाही, गोलंदाजीत चार बळी घेतले आणि नाशिकनं सामना एका धावेनं काढला. त्या रात्री त्याच्या षटकारांच्या क्लिप्स सगळीकडे फिरल्या. डिसेंबरमध्ये लखनौनं त्याला आयपीएलच्या लिलावात २० लाखांना घेतलं. २०२४ च्या जानेवारीत तो १९ वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध शतक ठोकत होता. सहा-सात महिन्यांत हे सगळं. गुण त्याच्याकडे आधीही असणारच. पण ते गुण एका संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर दिसले, हा फरक.

तामिळनाडूनं हे २०१६ पासून करून दाखवलंय. नटराजन आणि वरुण चक्रवर्ती ही नावं टीएनपीएलमधूनच पुढे आली. आणि ही आयडिया फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचं वेड आपल्या आयपीएलसारखं. तिथे शनिवार बड्या विद्यापीठांच्या गटांचा. मग ‘मिड-अमेरिकन कॉन्फरन्स’ या छोट्या गटानं काय केलं? नोव्हेंबरच्या कडाक्यात, मंगळवार-बुधवारच्या रात्री सामने लावले. का? कारण त्या रात्री टीव्हीवर दुसरं काही नसतं. थंडी सोसायची, पण दिसायचं. आपली एमपीएल जूनमध्ये का, याचंही उत्तर तेच. आयपीएल संपलेली असते, रणजी सुरू व्हायची असते, रिकामी जागा फक्त पावसाची असते. मोठ्यांनी सोडलेल्या तारखा छोट्यांनी घ्यायच्या आणि आकाशाकडे बघत टॉस करायचा.

किंमतही मोजावी लागते. २०२३ च्या अंतिम सामन्यात कोल्हापूरची फलंदाजी सुरू असतानाच पाऊस आला तो आलाच. गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरीला विजेता जाहीर केलं. ‘पावसानं जिंकवलं’ असं चिडवायला लोक मोकळे होते. २०२४ मध्ये रत्नागिरीनं नाशिकला हरवून पुन्हा करंडक नेला आणि चिडवणाऱ्यांची तोंडं बंद केली. आंब्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाचा क्रिकेट संघ लागोपाठ दोनदा चॅम्पियन, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर आपणच ‘चल, काहीतरीच’ म्हटलं असतं.

लोणावळ्याचा विकी

मावळच्या मातीतला माणूसही या गोष्टीत आहे. विकी ओस्तवाल, लोणावळ्याचा डावखुरा फिरकी गोलंदाज. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत तयार झाला, ऋतुराज गायकवाड घडला तीच अकादमी. २०२२ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात पहिल्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २८ धावांत ५ बळी. पूर्ण स्पर्धेत १२. भारतानं तो विश्वचषक जिंकला. वर्षभरानंतर एमपीएल आली तेव्हा सोलापूर रॉयल्सचा आयकॉन खेळाडू विकी होता.

हे मी दादाला स्टँडमध्ये सांगत होते. तो म्हणाला, ‘‘मला माहितेय. त्याचा प्रत्येक स्पेल पाहिलाय मी.’’

‘‘तू तर क्रिकेट बघत नाहीस ना?’’

‘‘क्रिकेट नाही बघत. लोणावळ्याचं पोरगं बघतो.’’

बारावा माणूस

आम्ही बसलो तेव्हा स्टँड भरलेला नव्हता. खोटं कशाला सांगू? आयपीएलची गर्दी, ती धक्काबुक्की इथे नाही. पण जे आले होते ते कुणाचे तरी होते. मागच्या रांगेत एका खेळाडूचं अख्खं कुटुंब, आजीसकट, डब्यात थालीपीठ. बाजूला ‘आपला सर आतून खेळतोय’ म्हणत ओरडणारी शाळेतली पोरं. चौकार गेला की आजी टाळ्या वाजवायच्या आणि मग सुनेला विचारायच्या, ‘‘आपला का गं?’’ आयपीएलला जाऊन हे मिळत नाही, मित्रांनो.

सातव्या षटकानंतर सर आली. कव्हर्स आले, वीसेक मिनिटांनी गेले. ड्रिंक्सच्या वेळी डगआउटमधून एक पोरगा बाटल्या घेऊन धावत आला. दादा ताडकन उठला. मग पुन्हा बसला.

‘‘काय झालं?’’

‘‘हा आमच्या क्लबचा. तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. शेवटच्या वर्षी नेट्समध्ये मीच याला बोलिंग टाकायचो. पायानं खेळ, पायानं खेळ म्हणून डोकं खायचो त्याचं.’’

तो पोरगा त्या दिवशी अकरा जणांत नव्हता. पाणी, टॉवेल, बदली ग्लोव्ह्ज एवढंच काम. परत जाताना तो आमच्या स्टँडच्या बाजूनं आला आणि दादानं आयुष्यात पहिल्यांदा सार्वजनिक ठिकाणी आरडाओरडा केला. पोरानं वर पाहिलं, डोळे बारीक केले आणि हातातल्या रिकाम्या बाटल्यांसकट दोन्ही हात वर करून ओरडला, ‘‘दादाऽऽ! पायानं खेळतोय बरं का!’’

आम्ही हसलो. पण दादा लगेच गप्प झाला. दोन षटकं गेल्यावर म्हणाला, ‘‘तो पाणी घेऊन धावतोय. पण त्याचं नाव कुठल्या तरी यादीत आहे. आमच्या वेळी यादी एकच होती गं. त्यात नाही तर कुठेच नाही.’’

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. ‘‘तुझ्या वेळी हे असतं तर?’’

त्यानं मैदानाकडे बघतच उत्तर दिलं. ‘‘कदाचित तरीही घेतलं नसतं. मी एवढाही भारी नव्हतो. पण ते मला कळलं असतं. आता कळतच नाही.’’

त्या वाक्यानंतर मी वही बंद केली. छोट्या लीगचं मोल आपण नेहमी त्यातून वर गेलेल्यांवरून मोजतो. कोण आयपीएलला गेला, कुणाला किती लाख मिळाले. पण सहा संघांतल्या शंभरावर पोरांपैकी बहुतेक जण वर जाणार नाहीत. त्यांना निदान फ्लडलाइट्सखाली, चांगल्या गोलंदाजासमोर, स्वतःची खरी उंची कळते. आणि मग ते मोकळ्या मनानं टेस्टिंगला जाऊ शकतात. किंवा पाणी घेऊन पुढच्या वर्षीची वाट बघू शकतात.

एक गोष्ट मात्र दादाच्या मताविरुद्ध मी ठामपणे सांगेन : ‘कोण बघतं’ हा प्रश्न आता शिळा झालाय. २०२५ पासून महिलांचीही एमपीएल सुरू झाली, चार संघ आणि सांगलीची स्मृती मानधना स्वतः मैदानात. सांगली-कोल्हापूरची, सोलापूरची एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी ते बघत असणार. तिच्या यादीत आता एकापेक्षा जास्त रकाने आहेत.

परतीची लोकल

सामना संपल्यावर दादानं मला पुण्याच्या लोकलमध्ये बसवलं. त्याची गाडी समोरच्या फलाटावरून होती, लोणावळ्याकडची. गाडी सुटताना त्यानं खिडकीतून विचारलं, ‘‘पुढच्या शनिवारी काय करतेयस?’’

मला वाटलं, लोणावळा.

‘‘कामशेतला ये. आईला सांगतो, माळ्यावरची बॅग काढायला कुणीतरी शिडी धरायला लागेल.’’

मी गेले. शिडी धरली. बॅगेतून एक पिवळा पडलेला पॅड, दोन झुरळं आणि एक चेंडू निघाला. चेंडूची शिवण अजून जाग्यावर होती. दादानं तो बोटांत फिरवून पाहिला आणि खिशात टाकला. आत्या म्हणाली, ‘‘आता या वयात कुठे खेळणारेस?’’ तो म्हणाला, ‘‘खेळत नाही गं. शाळेच्या ग्राउंडवर पोरं येतात रविवारी. त्यांना पायानं खेळायला सांगणारं कुणी नाहीये.’’

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा एकत्र मुंबईला गेलो. गहुंजे आलं. मोबाइल खिशातच राहिला.

जाणार असाल तर…

कधी : लीगचा मोसम जूनचा. वेळापत्रक बघूनच निघा आणि पाऊस गृहीत धरा.

कसं : पुणे-लोणावळा लोकलनं देहूरोड, तिथून रिक्षा. दुपारी लोकल फार कमी असतात, आधी वेळ बघा. रात्री परतीच्या रिक्षाचं जातानाच ठरवून ठेवा.

काय न्याल : विंडचीटर, कोरडे मोजे आणि घसा. इथे तुमचा आवाज खेळाडूपर्यंत खरंच पोचतो.

दुसऱ्या दिवशी : सकाळची लोकल पकडून मळवलीला उतरा. भाजे लेणी आणि लोहगड. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात लोहगड आहे. तोही मावळातला, तोही कित्येक वर्षं ‘अरे, जवळच तर आहे, जाऊ कधीतरी’ यादीतला.

आणि हो, चिक्की घ्याच. मधल्या भावाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये.